माती घरची, डबा भंगारातला

जानेवारी लागला की जबलपुरात मटार स्वस्त होतो. पाटण, शहपुरा, मझौली या भागांतला हिरवागार मटार गाड्या भरभरून मंडईत येतो. आमच्या जिल्ह्याची ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेतली ओळखच मटार आहे. घरोघरी दहा-दहा किलोंची पोती येतात, उन्हात सतरंजी पसरून सगळं घर सोलायला बसतं आणि दाणे पिशव्यांत भरून वर्षभरासाठी फ्रीजरमध्ये जातात. दहा किलो शेंगा सोलल्या की जवळपास निम्मं वजन टरफलांचं निघतं. म्हणजे एका घरातून एका दिवशी पाच किलो कोवळी, रसरशीत, नत्राने भरलेली टरफलं निघतात. ती काळ्या पिशवीत घालून कचऱ्याच्या गाडीत टाकली जातात, तेव्हा माझा जीव तुटतो.

ती टरफलं पुढे कुठे जातात याची मी चौकशी केली. शहराबाहेर कठोंदा इथे कचरा जाळून वीज तयार करण्याचा प्रकल्प आहे, तो २०१६मध्ये सुरू झाला. सुका कचरा तिथे जळू दे, त्याला माझी हरकत नाही. पण भाजीची देठं, सालं, टरफलं यांत बहुतांश पाणीच असतं. ती जाळायची म्हणजे आधी त्यांतलं पाणी उकळून घालवायचं, त्यातच उष्णता खर्ची पडायची. आणि ज्या नत्रासाठी शेतकरी युरियाची पोती विकत घेतो, तो नत्र धुरातून उडून जायचा. ओल्या कचऱ्याची जागा भट्टी नाही, माती आहे. घरच्या भाजीबद्दल मी बोलायला लागले की सुरुवात याच मुद्द्यापासून करते. लोक आधी विचारतात, कुंड्या कुठून आणल्यात? कुंडीचं पुढे पाहू. आधी माती.

माझं माहेर नागपूरचं, सासर जबलपूरचं. लग्न होऊन आले तेव्हा सासरचं घर जुनं, कौलारू होतं आणि मागच्या अंगणात मोरीचं पाणी जिथे जिरायचं तिथे अळूचं बन माजलेलं असायचं. सासूबाईंनी त्याला कधी वेगळं पाणी घातलं नाही की खत घातलं नाही. तांदूळ-डाळीचं धुवण, भांड्यांचं राखेचं पाणी, एवढ्यावर ते पोसायचं. “सूनबाई, जे पाणी आपण टाकतो त्यावर एक भाजी झालीच पाहिजे,” असं त्या म्हणायच्या. आता ते घर नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. एक पूर्वेची गॅलरी आणि वर गच्चीचा एक कोपरा एवढीच जागा. अंगण गेलं, पण धुवण रोजच निघतं आणि सालंही रोजच निघतात.

जबलपूरची माती काळी. शेतात ती सोनं आहे, डब्यात मात्र ती नुसती वापरली तर त्रास देते. पावसाळ्यात चिकट गोळा होते, मुळांना हवा मिळत नाही. उन्हाळ्यात आक्रसून डब्याच्या कडेपासून सुटते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. म्हणून डब्यात भरायचं मिश्रण असं ठेवते: दोन भाग माती, दोन भाग घरचं खत, एक भाग चाळलेली वाळू किंवा चुरलेला पाचोळा. वाळूसाठी नर्मदेकाठी जायची गरज नाही. आसपास कुठे ना कुठे बांधकाम संपलेलं असतं आणि चार घमेली वाळू रस्त्याकडेला पडून असते, विचारून घ्यावी. डब्याच्या तळाशी नारळाच्या शेंड्यांचा थर घालावा. पाणी निचरतं, माती वाहून जात नाही आणि त्या शेंड्या पुढे दोनेक वर्षांत मातीतच मुरतात.

आता खत. कचरा नीट कुजवून त्याचं शास्त्रशुद्ध खत करण्याचं काम जगभर ज्या पुस्तकाने पोचवलं, ते आमच्याच मध्य प्रदेशात, इंदूरला घडलेल्या प्रयोगांवर लिहिलेलं आहे. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९२४पासून इंदूरच्या संस्थेत काम करत होते. शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ठरावीक काळाने ढीग पालथा करायचा आणि तीनेक महिन्यांत खत काढायचं, ही त्यांची पद्धत ‘इंदूर पद्धत’ म्हणून प्रसिद्ध झाली. १९३१ साली त्यावर जे पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने यशवंत वाड या मराठी रसायनतज्ज्ञाचं नाव आहे. हॉवर्ड यांना सेंद्रिय शेतीचे आद्यपुरुष म्हणून जग ओळखतं. वाडांचं नाव मात्र आपल्यालाही माहीत नसतं, याची मला खंत वाटते.

पुढे विदर्भात पुसदला ना. दे. पांढरीपांडे यांनी ढिगाऐवजी विटांचा हौद बांधला. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, आणि भिंतींत हवेसाठी जागोजागी भोकं सोडलेली. शेण थोडं आणि काडीकचरा जास्त, तरी खत उत्तम. मध्य प्रदेशातल्या खेड्यांत आज कुणालाही ‘नाडेप’ म्हटलं की तो हौद दाखवतो, पण ती त्यांच्याच नावाची अक्षरं आहेत हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि सूर्यप्रकाश, पानं, माती यांचा हिशेब शेतकऱ्यांना शिकवला. त्यांच्या विचारावर दीपक सचदे यांनी देवास जिल्ह्यात नर्मदेकाठच्या बजवाड्याला काम केलं. मुंबईत वांद्र्याला डॉ. रमेश दोशी यांनी गच्चीवर पिंप आणि प्लास्टिकच्या पिशव्या मांडून, रसवंतीवाल्यांच्या उसाच्या चिपाडात भाज्या आणि फळं घेतली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच उष्ट्या-खरकट्यावर बाग फुलवली. या सगळ्यांच्या कामातून मी एकच गोष्ट घेतली: माती विकत आणायची नसते, तयार करायची असते. उसाची चिपाडं आमच्या इथेही एप्रिलपासून प्रत्येक चौकात मिळतात. गाडीवाल्या दादांना सांगून ठेवलं की ते पोतंभर बाजूला काढून ठेवतात.

घरात हौद बांधता येत नाही. त्याची जागा दोन बादल्या घेतात. रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादल्या घ्याव्यात, तळाला आणि बाजूला तापवलेल्या सळईने भोकं पाडावीत, खाली परात ठेवावी. तळाशी सुका पाचोळा चार बोटं. मग रोजची सालं, देठं, चहाचा चोथा (साखर धुऊन), अंड्याची टरफलं चुरून. ओल्याचा एक थर टाकला की त्याच्या दुप्पट जाडीचा सुका थर वर टाकायचा: पाचोळा, फाडलेला पुठ्ठा, लाकडाचा भुसा, जे हाताशी असेल ते. हे प्रमाण अंदाजाचं नाही. कुजवणारे जिवाणू कर्ब खातात आणि त्यासाठी त्यांना नत्र लागतो. साधारण पंचवीस ते तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असला की काम झपाट्याने होतं. ओल्या हिरव्या कचऱ्यात नत्र जास्त, सुक्या पानांत कर्ब जास्त. मटाराची टरफलं नत्राने श्रीमंत, म्हणून जानेवारीत सुका पाचोळा आधीच जमवून ठेवावा लागतो. तो मिळतोही त्याच सुमारास, शिशिरातली पानगळ असते.

विरजण म्हणून वाटीभर आंबट ताक किंवा शेणाचा कालवलेला गोळा पहिल्या थरावर शिंपडला की पुरे. आठवड्यातून दोनदा काठीने ढवळायचं. वास आला तर ओल जास्त झाली, पाचोळा घाला. मुंग्या लागल्या तर फार कोरडं झालं, धुवणाचं पाणी शिंपडा. पांढुरक्या जाड अळ्या दिसल्या तर घाबरून बादली फेकू नका; त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात, कचरा भराभर संपवतात आणि माणसाला काही करत नाहीत. मीठ-तेलाचं शिजलेलं अन्न, लोणचं, हाडं यात घालू नयेत. मीठ मातीला मारतं आणि बाकीच्याने उंदीर येतात. एक बादली भरली की झाकून बाजूला ठेवायची आणि दुसरी सुरू करायची. जबलपूरच्या उन्हाळ्यात दीड महिन्यात काम होतं, डिसेंबरच्या थंडीत तीन महिनेही लागतात. हातात घेतलं तर चॉकलेटी, भुसभुशीत आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला की खत तयार.

देवघरातलं निर्माल्यही आमच्याकडे याच बादलीत जातं. ग्वारीघाटावर निर्माल्य नर्मदेत सोडणाऱ्यांना मी हात जोडून सांगते की नर्मदामाईला फुलांची ओंजळ पुरे, पिशवी नको. दोरा आणि प्लास्टिक काढलेला झेंडूचा हार उत्तम खत होतो.

आमच्या शहरात आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. १९५५च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलेलं गाजर गवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, ते आज देशभर पसरलं आहे. तणांवर संशोधन करणारी देशातली मोठी संस्था, तण संशोधन संचालनालय, जबलपुरात आहे. दर ऑगस्टमध्ये ती गाजर गवताविषयी जागृती सप्ताह करते आणि फुलायच्या आत उपटलेल्या गवताचं खत करा, असं सांगते. फुलायच्या आतच, कारण एकदा बी धरलं की तेच बी तुमच्या डब्यात उगवेल. आणि हातमोजे घालूनच, कारण पुष्कळांना त्याची त्वचेला आणि श्वासाला बाधा होते. पावसाळ्यात मोकळ्या प्लॉटांवर हे गवत माजतं, तेव्हा कॉलनीतल्या चार जणांनी मिळून उपटलं तर रोग टळतो आणि खतही मिळतं.

डब्यांसाठी गुरंदी बाजार. जुनं लोखंड, पत्रा, पिंपं, मोडक्या वस्तू यांचा आमच्याकडचा हा जुना बाजार. पण खरं तर बहुतेक गोष्टी घरातच निघतात. तेलाचा पंधरा किलोचा चौकोनी डबा, ज्याला इथे सगळे पिपा म्हणतात, उभा ठेवला तर चौदा इंच खोल होतो आणि त्यात मिरची, वांगं, टोमॅटो यांचं एकेक झाड आनंदाने राहतं. तोच डबा आडवा कापला तर साडेचार इंच खोलीच्या दोन पराती होतात, मेथी-कोथिंबिरीला अगदी बेताच्या. कापलेल्या कडा पक्कडीने आत दुमडाव्यात, हात कापतात. सांचीच्या दुधाच्या पिशव्या धुऊन, खाली दोन भोकं पाडून रोपांसाठी वापराव्यात. गळकी बादली तर कुंडीच होऊन आलेली असते. भोकं पाडायचेही कष्ट नाहीत.

आणि कूलर. जबलपुरात कूलर नाही असं घर शोधावं लागेल. लोखंडी कूलरचा तळ चार-पाच वर्षांत गंजतो आणि कबाडीवाला तो किलोवर नेतो. त्याआधी तो तळ गच्चीवर न्यावा. दोन-अडीच फूट लांब, हातभर रुंद, पाऊण फूट खोल: पालकासाठी याहून चांगला वाफा विकत मिळत नाही. कूलरच्या जाळीतलं जुनं लाकडी गवत दरवर्षी बदलतात, तेही टाकू नये. झाडाच्या बुडाशी अंथरलं की मे महिन्यात माती तापत नाही आणि पाणी निम्म्याने कमी लागतं. फक्त कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना घालू नका. रोज पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहत जातात. हंगामाच्या शेवटी ते पाणी खारट झालेलं असतं.

काही गोष्टी फुकट मिळाल्या तरी घ्यायच्या नाहीत. कीटकनाशकाचे किंवा रसायनांचे डबे कितीही धुतले तरी नकोत. जुन्या बॅटरीची खोकी नकोत, त्यांत शिसं असतं. ऑइलपेंटचे डबेही मी घेत नाही. पाण्यात मिसळणाऱ्या रंगाच्या बादल्या चालतात. सिमेंटची पोती उन्हाने वर्षभरात चुरतात आणि प्लास्टिकचे धागे मातीत मिसळतात, म्हणून मी ती सोडून दिली. थर्माकोलची खोकीही चुरतात, पण उन्हाळ्यात मुळं थंड ठेवतात. सावलीच्या बाजूला ठेवली तर टिकतात. पत्र्याचे डबे मेमध्ये भट्टीसारखे तापतात. त्यांना बाहेरून बारदान गुंडाळून ते ओलं ठेवावं.

गच्चीचं वजन विसरू नका. ओल्या मातीचं दोनशे लिटरचं पिंप तीनशे किलोच्या घरात जातं. पिंपं भिंतीलगत, तुळईवर. मधल्या स्लॅबवर हलके डबे. डब्याखाली दोन विटा ठेवल्या की पाणी साचत नाही आणि गच्ची गळत नाही.

बियाण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आणता येतो. स्वयंपाकघरातल्या डब्यातले धणे चपलेने हलके रगडून दोन फाकी करायच्या, रात्रभर भिजवायच्या आणि ऑक्टोबरात पेरायच्या. उगवायला दहा-पंधरा दिवस लागतात, धीर धरावा. मेथीदाणे तीन-चार दिवसांतच वर येतात आणि महिन्याच्या आत भाजी काढता येते. कोंब आलेला लसूण पाकळी-पाकळी करून लावला की थंडीभर पात मिळते. कोंब फुटलेला कांदा फेकायचा नाही. पुदिन्याच्या काड्या, मायाळूच्या काड्या पाण्यात ठेवल्या तरी मुळं धरतात. पिकून फुटायला आलेला टोमॅटो चकत्या करून मातीत दाबला की आठवड्यात दाट रोपं येतात. तो टोमॅटो संकरित असेल तर फळं हुबेहूब तशीच येणार नाहीत, पण येतील. वाळल्या लाल मिरचीचं बी चालतं. आलं आणि हळद मेच्या शेवटी लावायची आणि आठ-नऊ महिने वाट पाहायची. अळूसाठी बाजारातली कोंब आलेली अरबी पुरते. चांगलं बी विकत घ्यायचं तर अधारतालला जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे. १९६४ साली ते स्थापन झालं. ‘जवाहर मटर’च्या जाती तिथल्याच.

पण मटार घरी लावू नका, असं मी जबलपूरकरांना सांगते. डब्यातून मूठभर शेंगा निघतात आणि त्याच वेळी बाजारात तो ढिगाने असतो. बटाटा, कांद्याचे गड्डे, कोबी यांचंही तेच. ते शेतकऱ्यालाच शोभतं आणि परवडतं. घरी ते लावावं जे आपल्याला चिमूटभर लागतं पण जुडीभर घ्यावं लागतं आणि मग फ्रीजमध्ये सडतं: कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, लसणाची पात, हिरवी मिरची. त्यानंतर पालक, मेथी, चवळी. मग जागा आणि ऊन असेल तर टोमॅटो, वांगी. फळभाज्यांना पाच-सहा तास थेट ऊन लागतं, पालेभाज्या तीन-चार तासांवर भागवतात.

हंगाम पाळावा लागतो. मेमध्ये पारा ४२-४४पर्यंत जातो, तेव्हा पालकाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. गवार, भेंडी, चवळी तग धरतात. पावसाळ्यात दुधी, दोडकं, गिलकं, कारली वेलावर चढवावीत. त्यांना निदान चाळीस लिटरचं पिंप हवं. वेलाला नुसतीच फुलं येतात आणि फळ धरत नाही अशी तक्रार पुष्कळ जणी करतात. उंचावर मधमाश्या कमी येतात, हे त्याचं कारण. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, गिलक्याची सकाळी. नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाला लावायचा. मादी फुलाच्या मागे बारीक फळ आधीपासूनच दिसतं, त्यावरून ओळखता येतं. मावा पडला तर साबणाचं पातळ पाणी, पानांवर पांढरी भुरी आली तर आंबट ताक पाण्यात मिसळून फवारायचं. सुरुवातीलाच केलं तर दोन्हीचा गुण येतो.

यातून वर्षभराची भाजी होते का, असं विचारतात. नाही होत. एका गॅलरीतून चार माणसांचं घर चालत नाही आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण आमच्याकडे कोथिंबीर, पुदिना, मिरची आणि पात थंडीभर विकत येत नाही, आठवड्यातून एक-दोन वेळा पालेभाजी घरची असते, आणि कचऱ्याच्या गाडीत ओलं जवळजवळ काही जात नाही. हे तिसरं मला सगळ्यांत मोठं वाटतं. बाजारात गटाराच्या पाण्यावरची भाजी कोणती आणि विहिरीवरची कोणती हे डोळ्यांना कळत नाही. माझ्या डब्यातल्या मेथीने काय प्यायलं ते मला ठाऊक असतं.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी, ज्यांच्याकडे एक खिडकीच आहे त्यांनीही सुरुवात करावी. पैसे लागत नाहीत, दोन बादल्या आणि पोतंभर पाचोळा लागतो. डबे नंतर जमतात, बी स्वयंपाकघरातच असतं. खताला मात्र दोनेक महिने द्यावे लागतात, म्हणून दसऱ्याच्या सुमारास मेथी-कोथिंबीर पेरायची असेल तर पहिली बादली श्रावणातच भरायला घ्या.